मिनिटाला वीस थेंब

चैत्र सरता सरता उपकेंद्राच्या मागं
सहा फूट जागेत मी दोडका लावला,
दोन वांगी, आणि मायाळूची एक काडी,
बामणोलीच्या बाजारात भाजीवालीनं
पिशवीत अशीच टाकलेली, फुकट.

झऱ्याचे रोज दोन हंडे,
एक माझा, एक दवाखान्याचा.
म्हणून रिकाम्या सलाईनच्या बाटल्या
बांबूला उलट्या टांगल्या,
नळीवरचं चाक फिरवून थेंब बसवले.
दोडक्याला मिनिटाला वीस,
वांग्यांना बारा.
घड्याळ धरून उभी राहिले वेलाशी
जशी त्या रात्री लाँच बंद असताना
ढेब्यांच्या सुनेच्या उशाशी.

मी जतकडची.
आमच्याकडं वैशाखात हिरवं काही उरलंच
तर ते आधी शेळीला दिसतं.
इथं जाळ्या काळ्याभोर पिकतात
आणि त्या कुणी लावलेल्या नसतात,
हे पटायला मला दोन वर्षं लागली.

भागाबाई ढेबे पंधरवड्याला बीपी बघायला येते.
डाव्या दंडाला पट्टा,
उजव्या हातानं धरलेला ओटा.
ओट्यात कधी आंबुळकी, कधी कुड्याची फुलं,
कधी तोरणं: पांढरी, मऊ,
दाताखाली पिठासारखी.
कुठं मिळाली, मी विचारते.
वर, ती म्हणते.
वर म्हणजे काय,
इथं चारी बाजूंना वरच आहे.

एका रविवारी निघाले एकटीच.
करवंदीनं दोन्ही हात ओरबाडून घेतले,
चिकानं बोटं एकमेकांना चिकटली.
पदरात पडली मूठभर, त्यातली निम्मी हिरवी.
उताराला एक झुडूप दिसलं, पांढऱ्या फळांचं,
ओळखलंच म्हटलं.
चार तोंडात टाकली.
रात्रीपर्यंत जीभ दुसऱ्या कुणाची असल्यासारखी.
मिठाच्या गुळण्या केल्या,
रजिस्टरमध्ये मात्र नोंद केली नाही.

भागाबाईला सांगितलं तर इतकी हसली
की वरचा आकडा दहानं चढला,
पुन्हा घ्यावा लागला.
मग पट्टा सोडवून घेत म्हणाली,
फळ काय बघतीस, पान उलटं करून बघावं.
तोरणीच्या पानाला खालनं लव असती,
वासराच्या कानावानी.
आणि काटा वाकडा. सरळ काट्याच्या नादाला लागू नको.

सून नातवाला घेऊन आली होती वजनाला.
झोळीत पाच किलो दोनशे.
त्याला उचलल्यावर म्हातारीनं
त्याच झोळीत आपली करवंदं ओतली, बघू म्हणाली.
एक किलो चारशे.
तिला वाटलं होतं दोन असतील,
काटा खोटा आहे असं ठरवून ती गप्प झाली.
झोळीवर जांभळा डाग पडला तो अजून आहे.
तपासणीला आलेल्या साहेबांनी बोट ठेवून विचारलं,
हे काय?
मी म्हटलं, धुतलंय.

परवा ती जाताना परसात डोकावली.
बाटल्या बघून म्हणाली, आजारी हाईत का सगळी?
मी थेंब मोजून दाखवले.
वेलाला आलेलं पहिलं मादी फूल दाखवलं,
त्याच्या मागं करंगळीएवढा दोडका.
तिनं फुलाकडं बघितलंच नाही.
एक पान धरलं, उलटं केलं.
मावा.
दाटीवाटीनं, हिरवा, पोटभर जेवलेला.
दुसरं पान, तिसरं.
आणि मी महिनाभर रोज सकाळी
वरून हात फिरवत होते.

राख टाक, म्हणाली. चूल कुठाय तुझी?
गॅस आहे, मी म्हटलं.
ती माझ्याकडं बघत राहिली जरा वेळ,
जशी मी बघते
गोळ्या तीन दिवस घेऊन बंद करणाऱ्यांकडं.

आज दुपारच्या लाँचीनं
गोळ्यांच्या जुन्या डब्यात चाळलेली राख आली.
झाकणाला फडकं बांधलेलं.
लाँचवाला म्हणाला, म्हातारीनं सांगितलंय
सकाळी दव असताना टाकायची,
आणि डबा परत द्यायचा.